भावोजी, तुम्ही ओढलेला हँडब्रेक सुटत नाही

भावोजी,

त्या दिवशी सकाळी मी डब्याचं झाकण शोधत होते, दूध उतू जाऊन शेगडीभर झालं होतं, आणि हे खाली गाडीच्या काचेवर साचलेला बर्फाचा थर माझ्या जुन्या उलथन्याने खरवडत होते. (उलथनं विचारून नेलं नव्हतं. आमच्या घरात वस्तूंच्या बदल्या अशाच व्हायच्या.) तो खरखराट स्वयंपाकघरापर्यंत यायचा. तो थांबला की मी बूट घालायचे. खाली पोचेपर्यंत यांनी मागच्या चाकाखालचा लाकडी ठोकळा पायाने सरकवून काढलेला असायचा, गाडी सुरू असायची आणि आत जरा ऊब आलेली असायची. मग मला इस्पितळाच्या मागच्या दाराशी सोडायचं आणि स्वतः पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात जायचं, हा रोजचा क्रम. त्या दिवशीही तसंच झालं. झाकण मिळालंच नाही, मी डब्यावर बशी ठेवून फडक्यात बांधला, त्यावरून हे वाटेत एकदा हसले. विशेष बोलणं असं काही झालं नाही.

बघा, हे लिहिण्याच्या नादात नमस्कार मागे राहिला. तर वहिनीचा तुम्हाला नमस्कार, धाकट्या जाऊबाईंना आणि लेकी-जावयाला आशीर्वाद. तुमचा गुडघा काय म्हणतो? थंडीत लोकरीची पट्टी बांधून बसत जा. माझी तब्येत बरी आहे, म्हणजे तुम्ही फोनवर विचारलंत की मी 'बरी आहे' म्हणते, तितपत बरी आहे.

पत्रास कारण की, रविवारी तुमचे जावईबापू गाडी न्यायला येणार आहेत (हे कुणी ठरवलं ते मी विचारत नाही, मी त्या वेळी चहा गाळत होते) आणि तोवर 'वहिनी, एकदा चालू करून ठेवा' असं तुम्ही सांगितलंत. केली. चालू होते. फक्त जागची हलत नाही. खाली दोरीवर रात्रभर राहिलेला टॉवेल सकाळी पापडासारखा ताठ होतो, त्याच थंडीत हीसुद्धा ताठ झाली आहे. हँडब्रेकचा दांडा खाली केला तरी मागची दोन्ही चाकं अशी धरून बसली आहेत की पुढची चाकं फिरतात, गुरगुरतात, धूर निघतो, आणि मागचा भाग रुसलेल्या सुनेसारखा होता तिथेच.

याचं कारण तुम्हाला माहीत असायला हवं, पण माहीत नसणार, कारण जेव्हा जेव्हा हे ते सांगत तेव्हा तुम्ही हसत होतात. थंडीच्या दिवसांत हे कधी हँडब्रेक ओढत नसत. गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि मागच्या चाकाखाली ठोकळा लावायचा. ओल धरून ब्रेकच्या आतल्या पट्ट्या, लायनर म्हणतात त्या, चाकाला चिकटतात आणि गोठतात, असं ते प्रत्येक पाहुण्याला जेवताना सांगत. तुम्ही म्हणायचात, 'दादा, तुझी गाडी आहे की बैलगाडी?' सगळे हसायचे. मीही हसायचे, हे मान्य केलं पाहिजे, पण मी वाढता वाढता हसायचे आणि तुम्ही ताट बाजूला सारून.

मग शरद ऋतू संपता संपता, डब्यावर बशी बांधली त्या सकाळनंतर, जे झालं ते झालं. ज्या इस्पितळाच्या खोलीत मी चादरींच्या घड्या घालते तिच्याच वरच्या मजल्यावर हे गेले, मी घडी घातलेल्या चादरीवर. (ती चादर नंतर धुण्यात खाली आली असणार. माझ्या हातून गेली असेल. सगळ्या सारख्याच असतात, त्यामुळे कळायला मार्ग नाही.) तिथून घरी येताना गाडी तुम्ही चालवलीत. त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे, मला त्या दिवशी दाराची कडीसुद्धा लावता आली नसती. येताना पाऊस होता, चाकं न्हालेली होती. इमारतीच्या मागे, जिथे दोन भिंतींमुळे वर्षभर ऊन येत नाही, तिथे तुम्ही गाडी लावलीत, दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढलात आणि म्हणालात, 'आता ही कुठे जात नाही, वहिनी, काळजी सोडा.' तुमचा शब्द खरा ठरला.

आणखी दोन गोष्टी तुम्ही त्या दिवशी केल्यात. मागच्या सीटखालचा ठोकळा 'हा काय कचरा' म्हणून कचऱ्याच्या पिंपात टाकलात. आणि चालवणाऱ्याची सीट पुढे ओढलीत. यांचे पाय लांब, त्यामुळे ती शेवटच्या खाचेपर्यंत मागे असायची. तुम्हाला पोचेना म्हणून तुम्ही पुढे घेतलीत, त्यात तुमची काही चूक नाही. पण मी मागे बसले होते आणि सीट पुढे सरकल्याचा तो आवाज ऐकला. सगळ्यांनी मला सांगितलं होतं की मी फार धीराची आहे. धीराच्या बाईने सीटबद्दल बोलायचं नसतं.

असो. ब्रेक सोडवायच्या मोहिमेचा वृत्तांत देते. आधी गाडीच्या कप्प्यातलं पुस्तक काढून वाचलं. मला सातवीनंतर शाळा मिळाली नाही, पण वाचायचं वेड आहे हे तुम्ही जाणता (पुड्यांचे कागद वाचते म्हणून तुम्ही मला 'पंडिता' म्हणता). पुस्तक चांगलं आहे. पसारा कमी, माणसं एकही नाहीत, आणि कुणी कुणाला सल्ला देत नाही. त्यात लिहिलं आहे की ब्रेक सुटत नसल्यास गाडी त्वरित दुरुस्ती-केंद्रात न्यावी. न हलणारी गाडी केंद्रात कशी न्यावी ते पुढच्या पानावर असेल म्हणून पान उलटलं, तर तिथे काडेपेटीएवढ्या दिव्याचं चित्र होतं.

मग मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, 'ताई, ऊन पडू द्या.' मी म्हटलं, त्या जागी ऊन पडत नाही. तो म्हणाला, 'मग उन्हाळा येऊ द्या.' त्याच्याकडे अशा बऱ्याच गाड्या अडकल्या असाव्यात, आवाज थकलेला होता.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे कर्नल खाली आले. (ते सैन्यात कधी नव्हते. विमा कंपनीत होते. जिन्यातून उतरताना स्वतःलाच हुकूम सोडतात म्हणून यांनीच हे नाव ठेवलं होतं.) कर्नल म्हणाले, 'वहिनी, उष्णता. उष्णतेपुढे काही टिकत नाही.' आणि उकळत्या पाण्याची किटली आणून दोन्ही चाकांवर ओतली. क्षणभर अशी वाफ निघाली की मला आशा वाटली. पाच मिनिटांनी त्याच पाण्याची चकाकणारी फरशी झाली, चाकं आधी आतून गोठली होती ती आता बाहेरूनही गोठली, आणि कर्नल ती फरशी तपासायला पुढे आले ते बसलेच. उठवायला मी आणि वॉचमन दोघं लागलो. खाली बसल्या बसल्या ते म्हणाले, 'पाणी कमी पडलं.'

दुसरा प्रयोग केस वाळवायच्या यंत्राचा. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर सोडली, कर्नल चाकाजवळ उकिडवे बसून लग्नाच्या मुलीचे केस वाळवावेत तसं मायेने चाक वाळवू लागले, आणि अख्ख्या इमारतीची वीज गेली. लोक खिडक्यांतून डोकी काढून कुणाचं काय झालं विचारू लागले. कर्नलनी खालून सांगितलं की काही नाही, वहिनींची गाडी आहे. त्यावर वरून एक बाई म्हणाली, 'मग ती द्यायची नाही का कुणाला? त्यांना कशाला लागते?' तुमचंच म्हणणं, भावोजी. तुम्ही फोनवर म्हणालात, 'तुम्ही बाईमाणूस एकटं, गाडीला काय हार घालणार?' मला गाडीला हार घालायचा नाही. मला सकाळी कामाला जायचं आहे.

हे तुम्हाला ठाऊक नसावं, म्हणून सांगते. माझी पाळी पहाटेची. पहिली बस त्यानंतर सुटते. हे होते तोवर प्रश्न नव्हता. आता मी चालत जाते, गोठलेल्या फुटपाथवरून, भिंतीला हात लावत लावत. दोनदा पडले. कोपर अजून दुखतं. चादरींच्या खोलीतल्या मुख्य बाई वाईट नाहीत, पण परवा म्हणाल्या, 'मावशी, आता उशीर झाला तर मला तुम्हाला संध्याकाळच्या पाळीत टाकावं लागेल.' संध्याकाळच्या पाळीत कपडे मोजून ट्रकमध्ये चढवायचे असतात, ते माझ्या कोपराने होणार नाही. म्हणजे काम गेलं. आणि काम गेलं की तुम्ही म्हणाल तसं तुमच्याकडे येऊन राहायचं, मागच्या खोलीत, जिथे इस्त्रीचं टेबल आहे. जाऊबाई प्रेमळ आहेत. मी नाही म्हणत नाही. पण मला ते टेबल आणि त्या खोलीला असलेली अर्धी खिडकी माहीत आहे.

परवाना माझ्याकडे आहे, हे तुम्ही सगळे विसरलात. यांनीच शिकवलं होतं, मोकळ्या मैदानात. पण रस्त्यावर मी कधी चालवली नाही, कारण मी चालवायला बसले की हे शेजारी बसून पायाने नसलेला ब्रेक दाबत. त्यांचे पाय दुखायला नकोत म्हणून मी सोडून दिलं.

तर सध्याची स्थिती अशी की गाडी जागची हलत नाही, आणि रविवारी जावईबापूंचा हेलपाटा होईल. येताना दोरखंड आणता, की यायचंच रद्द करता, ते तुम्ही ठरवा. घरात सगळ्यांना माझी आठवण सांगा.

तुमची वहिनी

ता.क. पाकीट चिकटवायच्या आधी एकदा खाली जाऊन आले. कर्नल टेकून टेकून चालत सोबत आले. यावेळी त्यांना गप्प बसण्याच्या अटीवर आणलं होतं. मी सीटवर बसले. भावोजी, तुमची आणि माझी उंची सारखी आहे, हे मला आजवर माहीत नव्हतं. पाय बरोबर पोचले. गाडी बराच वेळ सुरू ठेवली. कर्नलनी हातोडीला जुना टॉवेल गुंडाळून मागच्या चाकांवर बाजूने हलके ठोके दिले, मी एकदा मागचा गिअर टाकला, एकदा पुढचा, पुन्हा मागचा, पाळणा हलवावा तसं. जोर केला नाही. बराच वेळ काही झालं नाही. मग खालून कुठेतरी ठक्क असं वाजलं आणि गाडी माझ्यासकट मागे आली. कर्नल भिंतीला चिकटून उभे राहिले म्हणून वाचले. मी गाडी थांबवून थोडा वेळ तशीच बसले. कर्नलना वाटलं मी घाबरले. त्यांना तसं वाटू दिलं.

ता.क. पुन्हा. गाडी अडकली आहे हे कळवायला मी पत्र लिहायला बसले होते, आणि खरं सांगायचं तर ती अडकली याचं मला मनातून बरं वाटत होतं. आता सुटलीच आहे तर तुम्हाला सरळ सांगायला हवं. गाडी मी देणार नाही. जावईबापूंना सांगा, यायचं तर जेवायला यावं, बसने. तुमच्याकडे जी दुसरी किल्ली आहे ती त्यांच्याच हाती पाठवा. राग आला तर या आणि समोर बसून बोला. फोनवर मला 'बरी आहे' म्हणायची सवय लागली आहे.

ता.क. शेवटचा. पत्र काल टाकायचं राहिलं, म्हणून आजचंही लिहिते. आज पहाटे मी गाडी घेऊन कामावर गेले. सबंध वाट दुसऱ्या गिअरमध्ये गेले, मागचे दोघं हॉर्न वाजवत होते, मी त्यांना जाऊ दिलं. मागच्या दाराशी पोचले तेव्हा दाराचं कुलूप अजून कुणी उघडलं नव्हतं, म्हणून आत बसून राहिले. मग मुख्य बाई आल्या, मी उतरले आणि चादरींच्या घड्या घातल्या.