होडी मुलाला का नाही

मी, खाडीवरचा होडीवाला, वय एकाहत्तर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून आणि दाराला आतून कडी घालून लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणणारे दाराबाहेर कान लावून उभे असतील, तर खुशाल उभे राहोत.

१. धक्क्याशेजारची माझी जमिनीची पट्टी धाकट्या भावाला द्यावी. त्याने मोजणीदाराला मुद्दाम भांगाच्या दिवसांत आणले. तेव्हा भरती फारशी चढत नाही, म्हणून मोजणीदाराला ती कोरडी जमीन वाटली. भावाने साळसूदपणे तिथे खोली बांधली. असो, आता ती कायद्यानेही त्याची. अमावस्येच्या उधाणाला पाणी पलंगाखाली शिरेल, तेव्हा "दादा, धाव" म्हणायला मी नसेन.

२. घर आणि बँकेतली शिल्लक मुलाला. होडी मात्र नाही. तो वर्तमानपत्रातल्या भरतीच्या वेळेवर विसंबतो. ती वेळ खाडीच्या मुखाची. आपल्या धक्क्यापर्यंत पाणी पोचायला तासभर जास्त लागतो, आणि नदीला पूर असला की तोही हिशोब कोलमडतो. हे मी त्याला सांगितले नाही. सगळे शिकला असता तर दुसऱ्या दिवशी मला घरी बसवले असते. मी तापाने पडलो तेव्हा त्याने होडी काढली आणि उतारूंसकट वाळूत रुतवली. वर मलाच म्हणतो, "बाबा, पेपरात चुकीचं छापलंय!" भरतीत चुकला म्हणून वाचला. ओहोटीत चुकला असता तर मुखाकडे ओढला गेला असता.

३. होडी, वल्ही व नांगर सुनेला. तिच्यावर माझा पहिल्यापासून संशय. भांडी घासता घासता धक्क्याकडे टक लावून बघायची, पायऱ्यांवर खडूने खुणा करायची. म्हटले, धंदा घशात घालायचा बेत दिसतो. होडी रुतली त्या दिवशी तीच धक्क्यावरून ओरडली, "कोणी उतरू नका! थोड्या वेळात पाणी येतंय!" आणि आलेही. ती घरात येताच मी अंथरुणातूनच दरडावले, "कोणी शिकवलं तुला? खरं सांग."

"शिकवायला कशाला हवं, मामंजी? तुम्ही कधी परतणार ते कळायला नको? गार चहा दिला की घर डोक्यावर घेता."

यावर माझा अजून पुरता विश्वास नाही. पण ती या घरात आल्यापासून मला एकदाही गार चहा मिळालेला नाही. सबब होडी तिची. मुलाने तिच्या हाताखाली राहावे आणि ती सांगेल तेव्हाच दोर सोडावा.

४. माझ्यामागे रडारड नको. कोण खोटे रडते ते मला बघता येणार नाही.

साक्षीदार : दवाखान्यातला कंपाउंडर (सही), शाळेच्या निवृत्त बाई (सही). दोघांसमोर मी सही केली. पेन माझे होते, मोजून परत घेतले.

ठिकाण : धक्क्यावरचे घर. दिवस : अमावस्येनंतरचा दुसरा, पाणी चढते.

सही : होडीवाला

सहीखाली एकच, सुनेसाठी : पोरी, सवयीने तू धक्क्याकडे बघशील. पाणी पायऱ्या चढेल, होडीची वेळ होईल. तरी माझा चहा टाकू नकोस.