धूरताईंची हिरवी पानं

म्हणजे शेवटी मीच वाईट. मामा, तुम्ही परत तेच लिहिलंत, की भाचा परमुलखात मजा मारतो आणि तुमच्या धाकट्याला, सख्ख्या मामेभावाला, कामावर लावून देत नाही. (नमस्कार राहिला, तो पोचला समजा. मामीचा गुडघाही बरा असेल असं धरून चालतो, कारण तुमच्या पत्रात गुडघा एका ओळीत आणि माझा उद्धार दीड पानात.)

तर कामाचं ऐका. मी सेंट्रिंगच्या टोळीत, म्हणजे ओला स्लॅब खालून टेकूंवर पेलायचा आणि तो घट्ट झाला की टेकू काढायचे. आमच्या साइटला यंदा कार्बन कमी करायचं खूळ लागलंय. सिमेंट भाजताना म्हणे इतका धूर निघतो की जग तापतं. खोटं नसेल, उन्हात मलाही ते कळतं. त्यासाठी एक बाई नेमल्यात, आम्ही त्यांना धूरताई म्हणतो. स्वभावाने सोनं. फाटकातून लॉरी आली की डिझेल किती प्यायली विचारणार, सळई कुठून आली विचारणार. मला विचारलं, कामावर कशाने येता? म्हटलं, पायी. इतक्या खूश झाल्या की मला वाटलं पगार वाढतोय. नुसतं 'छान' म्हणाल्या.

मग एका मजल्याच्या स्लॅबला त्यांनी निम्मं सिमेंट काढून कोळशाची राख घालायला लावली. राखेचा स्लॅब पक्का होतो, पण सावकाश. हे त्यांनी साहेबाला सांगितलं, साहेबाने मुकादमाला सांगितलं असेल, मुकादमाने कोणालाच नाही. वर ताईंनी कौतुकाने तिथल्या खांबांवर हिरव्या रंगात एकेक पान काढून घेतलं, पाहुण्यांना दाखवायला. आता आमच्यात वाचणारे कमी, म्हणून टोळीचा कायदा रंगाचा: खांबावर लाल म्हणजे टेकूला हात लावू नको, हिरवा म्हणजे काढ. घोरूने (माझ्या खोलीतला, ज्याच्या घोरण्याबद्दल मी मागं तुमच्याकडे रडलो होतो तोच) पान बघितलं. म्हणाला, "रंगारी प्रेमात पडलाय वाटतं, पानं-फुलं काढायला लागला." आणि टेकूवर हातोडा घातला. अख्खा स्लॅब त्याच्यावर आला. मी जिन्यात फळ्या वाहत होतो, म्हणून हे पत्र आहे.

धूरताई दिवसभर रडल्या. पण धुराचा हिशोब त्यांना द्यावाच लागतो. मोडलेलं काँक्रीट, नवं काँक्रीट, ढिगारा नेणाऱ्या लॉऱ्या, घोरूला नेलं त्या गाडीचं डिझेलसुद्धा. वाचवलेला सगळा धूर त्यात गेला आणि वर आणखी अंगावर आला. घोरूसाठी मात्र रकाना नव्हता. ताईंनी साहेबाला विचारलं, तर तो म्हणाला, ते दुसऱ्या खात्यात येतं. खोलीत आता एकदम शांत असतं आणि झोप कोणालाच लागत नाही.

तुमचा नालायक भाचा

ता.क. तुम्ही मुकादमाला परस्पर फोन केलात हे कळलं. जागा आहे, तो खोटं बोलला नाही. घोरूचीच आहे. खाटही तीच.

आणखी एक. मी मुकादमाला सांगितलंय की माझ्या मामेभावाला दमा आहे, जिना चढला की बसतो. मुकादमाचा फोन आला तर धाकट्याला आधी नीट खोकायला लावा, मग बोलू द्या. मामीने मागून औषधासाठी हाक मारली तर उत्तम.

आणि शेवटचं. तिकीट काढून ठेवलंय असं मामी बोलली. आजच्या आज रद्द करा. निम्मे कापतील, ते माझ्याकडून. पाठवतोय सहाशे चाळीस.