व्हिडिओ सीलबंद आहे

सोमवार, ३ मार्च. संध्याकाळ.

आज नात चालली! पहिल्यांदा. खुर्ची सोडली आणि थेट सोफा गाठला. शूटिंग कोणी केलं? अस्मादिकांनी. गोदामाच्या नव्या ओळखपत्रासाठी स्वतःचा फोटो काढायच्या खटपटीत होतो, म्हणून मोबाइल हातातच होता. संधी सोडली नाही. डोळ्यांवर चष्मा नव्हता, पण मुरलेला माणूस स्क्रीनकडे बघतच नाही, समोर बघतो. शूटिंग चालू असताना ही मागून सारखी बडबडत होती. अशा वेळी तोंड बंद ठेवावं एवढंही हिला कळू नये? दरडावलं, तेव्हा कुठे गप्प बसली.

लेकीला फोन केला. ती कंपनीच्या ट्रेनिंगला परगावी गेलीये. तोवर पोर दिवसभर आमच्याकडे, संध्याकाळी जावई घेऊन जातो. ऐकून लेक खूश होण्याऐवजी रडायलाच लागली. स्वतःच्या पोरीचं पहिलं पाऊल आणि मीच नव्हते म्हणे. मलाही गलबलून आलं. म्हटलं, रडतेस काय वेडे, अख्खा व्हिडिओ आहे. मी आहे ना.

मंगळवार, ४ मार्च.

व्हिडिओ पाठवायला गेलो. फोन म्हणतो, जागा शिल्लक नाही. निदान बघू म्हटलं, तर स्क्रीनवर नुसतं चाक फिरत राहिलं. यादीतल्या बारीक चौकोनात मात्र छान दिसतंय. गोल, गुळगुळीत, चकचकीत डोकं. नातीचंच. तिला अजून केस कुठे आलेत?

लेकीला कळवलं की पाठवापाठवीत क्वालिटी जाते, तू सोळाला येशील तेव्हा टीव्हीवर मोठा करून दाखवतो. तिने तीनदा विचारलं, नक्की ना बाबा. तीनदा सांगितलं, मी आहे ना.

जावई म्हणाला, आता नवा फोन घ्या. हसू आलं. उभा जन्म गोदामात पॅकिंग सुपरवायझर म्हणून काढला. माल जास्त झाला म्हणून कोणी नवं गोदाम बांधत नाही. नीट रचला की मावतो.

बुधवार, ५ मार्च.

झिप करायचं ॲप मिळालं! फुकट. फाइल दाबून लहान करतं. म्हणजे आमचंच काम, फक्त पुठ्ठा आणि चिकटपट्टी नाही. संकल्प: रविवारपर्यंत संपूर्ण फोन झिप. त्यानंतर हिचा, मग जावयाचा.

ॲप उतरवायलाही जागा नव्हती. मेहुण्याचे सुप्रभातचे मेसेज उडवले, तर अर्धा फोन रिकामा झाला! एवढी फुलं कोणी कोणाला पाठवतं का? ही म्हणाली, झाली की जागा, आता कशाला झिप? तिला सांगितलं की हा तात्पुरता इलाज झाला. पद्धत ही वेगळी गोष्ट असते.

शुक्रवार, ७ मार्च.

व्हिडिओ झिप केला. आधी ४१२ एमबी. नंतर ४११.

सुरुवात म्हणून वाईट नाही.

जावयाला आकडे सांगितले. त्याचं म्हणणं, व्हिडिओ मुळातच दाबलेला असतो, झिपने आणखी लहान होत नाही. कॉम्प्युटरवाल्यांचं हेच चुकतं. एकदा दाबून मावलं नाही की हात वर करतात.

ऑफिसातून ओळखपत्राच्या फोटोची आठवण. सवड नाही.

शनिवार, ८ मार्च.

झिपची झिप केली. आमच्याकडे आतलं खोकं, बाहेरचं खोकं आणि सगळ्यात वर मोठं कार्टन असतं. तीन थर असले की ट्रकमधून फेकलं तरी मालाला ओरखडा नाही. तसंच केलं. व्हिडिओ आत, त्यावर दुसरी झिप, त्यावर तिसरी. आकार ४१२ एमबी. म्हणजे पुन्हा होता तिथेच. पण आता त्याला पॅकिंग आहे, हा फरक लक्षात घ्यायला हवा.

हिला काहीतरी सांगायचं होतं म्हणे, त्या व्हिडिओबद्दल. मी म्हटलं, काम चालू असताना मध्ये बोलू नकोस. मला कळतं. ती बघतच राहिली माझ्याकडे. मग स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसत बसली. वयाचा परिणाम असावा.

रविवार, ९ मार्च.

आज सील. पासवर्ड टाकल्याशिवाय मोठं कार्टन उघडणार नाही. काय ठेवावा याचा फार विचार करावा लागला नाही. पोर मांडीवर झोपली होती, लेकीचं रडणं आठवलं, आणि एकदम आतून शब्द आले. टाकले. असा पासवर्ड कोणाच्या बापाला ओळखता यायचा नाही.

मग पॅकिंग स्लिप. आत काय आहे, सील काय आहे, सगळं एका नोटमध्ये लिहिलं आणि नियमाप्रमाणे ती नोट कार्टनमध्ये ठेवली. स्लिप कधीही बाहेर सुटी ठेवायची नाही. नव्या पोरांना मी हे पहिल्या दिवशी शिकवतो.

आणि दुसरा नियम, पॅक झालेला माल खाली सुटा पडलेला दिसता कामा नये. मूळ व्हिडिओ डिलीट. आतल्या झिपच्या सुट्या प्रतीही डिलीट. मूळ नोट डिलीट. कचराकुंडीही रिकामी केली. फोन कसा लख्ख झाला! लेकीला मेसेज टाकला: व्हिडिओ सीलबंद आहे. निश्चिंत राहा.

मंगळवार, ११ मार्च.

सहज तपासणी म्हणून कार्टन उघडायला गेलो. पासवर्ड विचारला.

आठवेना.

घाबरण्यासारखं काही नाही. स्लिपवर लिहिलेला आहे.

मंगळवार, जेवणानंतर.

स्लिप कार्टनमध्ये आहे.

बुधवार, १२ मार्च.

लेकीची जन्मतारीख. नाही. नातीची. नाही. लग्नाची तारीख टाकणार होतो, पण ती हिला विचारावी लागली असती. गोदामाचा फोन नंबर, स्कूटरचा नंबर, शाळेतला हजेरी क्रमांक. नाही, नाही, नाही. ॲपवाल्यांनी माझा पासवर्ड परस्पर बदलला असणार. कडक शब्दांत तक्रार लिहिली. उत्तर ताबडतोब आलं, की आपला अभिप्राय आम्हाला मोलाचा वाटतो.

नात खुर्ची धरून उभी होती. दुसरा व्हिडिओ काढून ठेवावा म्हणून तिला बोलावलं, पुन्हा बोलावलं, खुळखुळा वाजवला, शेवटी गुडघ्यांवर रांगून दाखवलं. तीही खाली बसली आणि माझ्याबरोबर रांगायला लागली.

शुक्रवार, १४ मार्च.

लेकीचा फोन. ट्रेनिंगमधल्या सगळ्या मैत्रिणींना सांगून झालंय म्हणे. रात्री झोपताना तोच विचार येतो, पोर कशी चालली असेल, हसत की घाबरत. बाबा, तुम्ही होतात म्हणून, नाहीतर मला कधीच दिसलं नसतं.

मी आहे ना, एवढंच म्हणालो आणि फोन ठेवला.

ऑफिसात चार कार्टनांवर उलटी लेबलं लावली. पहिल्यांदाच. पोरं काही बोलली नाहीत. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

शनिवार, १५ मार्च.

हिला सगळं सांगून टाकलं. म्हटलं, चूक ॲपची आहे, पण लेकीला काय तोंड दाखवू? वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. तर ही शांतपणे म्हणाली, राहू द्या हो, तसंही त्यात काही नाहीये. माणसाला धीर देण्याची ही कुठली पद्धत? मी जेवलो नाही. म्हणजे एकच पोळी खाल्ली. फार तर दोन.

रविवार, १६ मार्च.

लेक आली. चप्पल काढायच्या आधी पोरीला उचललं, आणि पुढचा प्रश्न व्हिडिओचा. जावयाने टीव्हीला वायर लावून ठेवलेली. सगळे सोफ्यावर. मी खाकरलो. सांगायला सुरुवात केली की झिप तंत्रज्ञानात अजून काही मूलभूत उणिवा आहेत. लेकीचा चेहरा उतरला.

तेवढ्यात हिने फोन मागितला. म्हणाली, दिवसभर तुम्ही जे म्हणत असता तेच टाकून बघते. टाकलं. मी आहे ना. कार्टन उघडलं. पहिल्या फटक्यात!

मग दुसरं खोकं, मग तिसरं. लेकीने माझा हात घट्ट धरला. व्हिडिओ लागला.

टीव्हीभर मी.

कपाळ, नाक, उघडं तोंड. नात नाहीच. ओळखपत्राच्या फोटोसाठी कॅमेरा माझ्याकडे वळवलेला, तो तसाच राहिला होता. व्हिडिओतली ही सांगतेय, अहो, कॅमेरा तुमच्याकडे आहे. व्हिडिओतला मी तिला सांगतोय, गप्प बस, मला कळतं. पाठोपाठ जमिनीवर छोट्या पायांचा थपथप आवाज, आणि माझं तोंड आणखी उघडतंय, डोळ्यांत पाणी, आणि एवढा मोठा माणूस चल गं माझी राणी, चल गं माझी राणी म्हणत हुंदके देतोय. मी रडलो होतो हे मला ठाऊकच नव्हतं. सोमवारच्या नोंदीत तसा उल्लेखही नाही.

जावई छताकडे बघत होता. ही पदरात तोंड लपवून हसत होती. लेक आधी हसली, मग रडली, मग म्हणाली, पुन्हा लावा. दुसऱ्यांदा लावला. तेव्हा नात लेकीच्या मांडीवरून उतरली, टीव्हीतल्या माझ्या टकलाकडे बोट दाखवलं आणि चालत सुटली. टीव्हीपर्यंत. तिथून वळून परत आईकडे. एकदाही पडली नाही. लेकीने दोन्ही हात पसरले होते.

मी झडप घालून फोन घेतला. चष्मा लावला, कॅमेरा वळवला, पोरीवर धरला, बटण दाबलं. जागा शिल्लक नाही. तिन्ही खोक्यांतला माल बाहेर आला होता ना.

हिने फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाली, नुसतं बघा आता. बघितलं.

सोमवार, १७ मार्च.

ओळखपत्रासाठी आज शेवटची मुदत. हिच्या सांगण्यावरून व्हिडिओतलाच एक फोटो काढून दिला. दुपारी परत आला. तोंड मिटलेलं हवं म्हणे.