ऑर्विलच्या खाडीत जागा नाही

४ फेब्रुवारी
व्हर्लीनचा फोन. ऑर्विल, म्हणजे तिचा नवरा, माझा धाकटा भाऊ, आता जेमतेम उठून बसतो. डॉक्टरांनी हात टेकले. सारखं विचारतो म्हणे, दादाची बोट दिसली का.

दिसेल की. तीन वर्षं बोललो नाही म्हणून काय झालं? वडिलांच्या खाडीतले बोये, बोटी बांधायचे तरंगते गोळे, त्यानं फोनवरच्या बुकिंगला दिले, तेव्हाच मी बजावलं होतं, इथं जो आधी येईल तो बोट बांधेल. ऐकलं नाही. बोये नारिंगी रंगवून मोकळा झाला. कोपऱ्यातले चार पांढरे तेवढे बिनबुकिंगचे.

निर्णय: उद्या पांढरा पकडणार, हक्कानं. मग भेटणार. बुकिंग करून भावाकडे जायला मी काय टुरिस्ट आहे?

५ फेब्रुवारी
पहाटे निघायचं होतं. जॉनीकेक, आमच्या बेटांवरच्या जाड पुऱ्या, तळून होईतो दहा वाजले. उपाशीपोटी दोर नीट बांधला जात नाही. पोचलो तर चारही पांढऱ्यांना भाड्याच्या जोडबोटी, कॅटामरान, बांधलेल्या, वर गोरी मंडळी उन्हात पसरलेली. खाली पोवळी, त्यामुळे नांगर टाकायला बंदी. व्हर्लीन धक्क्यावरून ओरडली, भावोजी, इथंच धक्क्याला बांधा ना! म्हटलं, उपकार नकोत. परत.

७ फेब्रुवारी
नाताळात सुटणारा जोराचा वारा यंदा संपतच नाही, म्हणून निघालो नाही. बाकीचे कप्तान जात होते. त्यांना बोटीची काळजी नाही.

१० फेब्रुवारी, दुपार
आज खरंच लवकर निघालो. डिझेलच्या धक्क्यावर विल्मथ भेटला. माझ्याच वयाचा कप्तान, पण बुकिंगवाल्यांच्या बाजूचा. म्हणाला, अरे बाबा, फेरीबोटीनं जा की, तासाभरात भावाच्या दारात. जन्मभर स्वतःची बोट हाकली आणि आता कोंबड्यांच्या खोक्याशेजारी बसून जाऊ? चांगला झापला त्याला. बुकिंगवरही बोललो, सगळे मुद्दे काढले. शेवटी तो डिझेलचे पैसे देऊन निघून गेला. वाद जिंकलो.

खाडीत पोचलो तोवर चारही पांढरे बोये गेले होते.

११ फेब्रुवारी
व्हर्लीनचा फोन. त्यानं खाणं सोडलंय. सकाळ झाली की खुर्ची ओसरीत ठेवायला सांगतो, समुद्राकडे तोंड करून. म्हटलं, येतोच आहे, जागेचा प्रश्न आहे. तिला समुद्रातलं काय कळतं.

१३ फेब्रुवारी
तत्त्वाला मुरड. एकदाच. सकाळी सातला बुकिंग उघडतं. चष्मा सापडेपर्यंत खाडी भरली.

१५ फेब्रुवारी
मिळाला! ओसरीच्या थेट समोरचा. विल्मथला मुद्दाम फोन करून सांगितलं.

दुपारी पोचलो. पहिल्या खेपेत दोर ओवला. ऑर्विल ओसरीत चादर गुंडाळून बसला होता. किती वाळलाय. त्यानं हात वर केला. माझ्या हातात दोर होता.

मला न्यायला व्हर्लीन डिंगी, छोटी होडी, घेऊन आली. सकाळीच दाढी करून घेतलीय त्यांनी, म्हणाली, चला. म्हटलं, दोर घासतोय, तेवढं बघतो, हो पुढे. मग पंप बघितला. मग भांडी घासली. काय बोलायचं ते जुळवत होतो, सुरुवात जमेना. शिवाय मी थोरला. एक हाक त्यानं मारायला हवी होती. मारली असेल, वाऱ्यात ऐकू आली नसेल.

संध्याकाळी त्याला आत नेलं. उद्या सकाळी जाईन.

१६ फेब्रुवारी
सकाळी तो पुन्हा ओसरीत. मी शर्ट बदलला. दोनदा. बाराला बुकिंग संपतं. पुढच्या बुकिंगचा कॅटामरान मागे येऊन थांबलाच होता, काय करणार? नियम म्हणजे नियम. दोर सोडला. वळताना मागे पाहिलं नाही, वाटेत बोटी फार होत्या.

हरकत नाही. बुकिंगची खुबी आता कळलीय. परवाचा धरतो.

१७ फेब्रुवारी
व्हर्लीनचा फोन. पहाटे गेला.

म्हटलं, आत्ता निघतो, बोया मिळो न मिळो. म्हणाली, सावकाश या भावोजी, आता कसली घाई?

मी कालच येणार होतो, असं तिला सांगितलं. तिनं फोन ठेवला. मग मी रडलो. चाळीस हातांवर बसला होता माझा भाऊ, दाढी करून.