तुमच्यातलं काहीतरी

रविवार, १४ जुलै. क्लेमेंटी, सिंगापूर.

अजून डोक्यातून जात नाहीये. सुनंदाकाकूंच्या काँडोत आज आम्ही काही मराठी लोक जेवायला जमलो होतो. काकूंनी मला नाव विचारलं, मग आडनाव. कांबळे, म्हटलं. त्या म्हणाल्या, "अच्छा." आडनावावरून जात कळली की येणारं हे "अच्छा" मला शाळेपासून ओळखीचं आहे.

मग पीएचडीचा विषय निघाला. लेबनॉनमधल्या मॅरोनाइट ख्रिश्चनांचा अठराव्या शतकातला एक प्रमुख धर्मगुरू, असं मी सांगितलं. त्याच्याच बिशपांनी आरोप ठेवून त्याला गादीवरून उतरवलं. रोमने चौकशी केली, तो निर्दोष ठरला आणि परत आला.

"छान. पण तुमच्यातलं काहीतरी का नाही घेतलंस?"

आमच्यातलं म्हणजे काय, ते आम्हा दोघींनाही माहीत होतं.

"काकू, तुमचा मुलगा रोहन पेंग्विनवर संशोधन करतो, असं मघाशी म्हणालात ना? त्याला असं विचारलंत कधी?"

त्यांची धाकटी लेक इथल्या इंग्रजीत म्हणाली, "शी इज राइट लाह." काकूंनी तिला कोशिंबीर आणायला आत पाठवलं.

उद्धट बोलले का मी? असेन. पण आवाज चढवला नव्हता. ते "अच्छा" तरी कुठे चढ्या आवाजात होतं?

माझा म्हातारा धर्मगुरू परतल्यावर त्याच बिशपांमध्ये, त्याच गादीवर बसला. मरेपर्यंत उठला नाही.

पुढच्या महिन्यात काकूंकडे पुन्हा जेवण आहे. मी जाणार. काकूंच्या अगदी समोरच्या खुर्चीत बसणार.