स्केटिंग करणारं अस्वल

प्रिय राजे,

अस्वलाचा डावा पाय तेवढा उसवायचा राहिला आहे. ब्लेड बाजूला ठेवलं आणि कागद ओढला. रविवारची दुपार आहे, मुंगी आत झोपली आहे. आज लिहिलं नाही तर आठवडाभर लिहिणं होणार नाही. प्रिय म्हटलं ते पत्राची रीत म्हणून. वेगळं झाल्यावर रीती तेवढ्या उरतात.

तुमचं पार्सल मिळालं. वरचं अक्षर तिचं होतं. बायको बदलली, पण पाकिटावर पत्ता घालायचा तुझा कंटाळा तोच आहे. आत तुझी चिठ्ठी होती, तीही सुटी पडलेली, चार ओळींची. पुढच्या वर्षीपासून मुंगीने तुमच्याकडे राहून शाळा करावी का, तिचं तिलाच ठरवू दे, असं लिहिलंस. नऊ वर्षांच्या पोरीने ठरवायचं. कापायची वेळ आली की कात्री दुसऱ्याच्या हातात द्यायची, ही तुझी हुशारी मला पाठ आहे. आपल्या वेळीही वकिलाकडे मीच गेले होते.

आता भेटवस्तूंबद्दल. हिवाळी सुट्टी तोंडावर आली की हौशी लोकांना हाताने केलेलं काहीतरी द्यायची हुक्की येते. हाताने म्हणजे काय, तर भरतकामाचं मशीन घ्यायचं, तयार नक्षी विकत आणायची, बटण दाबायचं आणि चहा प्यायला जायचं. टोपीवर बर्फाचा माणूस आहे. त्याचं गाजराचं नाक इतकं खाली आलंय की तो विडी ओढतोय असं वाटतं. मफलरवर पेंग्विन आहे आणि त्यानेही मफलर घातलाय. सुटे धागे कापलेले नाहीत. लोकरीच्या कापडावर वरून पातळ प्लास्टिक घालायचं असतं, नाहीतर टाके लवेत बुडतात, हे तिला कुणी सांगितलेलं नाही. त्यामुळे पेंग्विनचे पाय दिसत नाहीत. मलाही एक हातपुसणं आलंय. त्यावर कानटोपी घातलेलं घुबड कपातून काहीतरी पितं. मी रोज हॉटेलांच्या टॉवेलांवर नावं भरते, आणि मला टॉवेल भेट. तिला सुचलं असेल, पण तुला तरी कळायला हवं होतं. ते मी ओट्याखाली वापरायला काढलंय.

आणि हातमोजे. अंगठा वेगळा आणि बाकीची बोटं एकत्र, तसले. दोन्हींवर स्केटिंग करणारं अस्वल. उजवा ठीक. डाव्यात मुंगीने हात घातला तर बोटं अस्वलाच्या पायाशी जाऊन थांबली. फ्रेममध्ये चढवताना तळव्याकडचं कापड खाली सरकलं होतं आणि तुमच्या बाईसाहेबांनी पाठ आणि तळवा एकत्र शिवून टाकला होता. आमच्या कारखान्यात नवी आलेली मुलगी पहिल्या आठवड्यात हे करते. खिसा शिवते, बाही शिवते. आम्ही हसतो, ती रडते, संपलं. पण ती ते कापड पार्सल करून कुणाला पाठवत नाही. मला हसू आवरेना. शेजारणीला हाक मारून दाखवलं. तीही पोट धरून हसली. मुंगीने माझ्या हातातून हातमोजा काढून घेतला आणि दप्तरात टाकला.

दुसऱ्या दिवसापासून ती तो घालून शाळेत जाऊ लागली. उजवा नीट, डावा बोटांच्या टोकांवर टेकवलेला, बोटांवर नाचवायच्या बाहुलीसारखा. तळहात उघडा. गार पडत नाही का विचारलं तर म्हणाली, पडतो. मग कशाला घालतेस म्हटलं तर म्हणाली, तुला काय त्याचं. हे 'तुला काय त्याचं' कुणाकडून आलं ते तू ओळखशील.

मुंगी तुझ्या बाईसाहेबांना मावशी म्हणते. मावशी म्हणजे आईची बहीण. मला बहीण नाही, आणि असती तर तिला फ्रेम कशी लावायची ते शिकवलं असतं.

काल मुंगीनेच हातमोजा आणून माझ्यापुढे ठेवला. उघडून दे म्हणाली, आणि मावशीला कळता कामा नये, तिला वाईट वाटेल. वर मलाच दम, की तू परत हसायचं नाहीस. मी म्हटलं, उसवलं तर अस्वल जाईल, दुसरं भरावं लागेल. त्याचा नमुना मी आधीच करून ठेवला होता. परवा जेवणाच्या सुट्टीत कारखान्यात बसून मी स्वतः अस्वल काढलं, पंचिंग केलं, म्हणजे मशीनला कळेल असं टाका टाका करून उतरवलं, कापडाच्या तुकड्यावर भरून आणलं. कान, बूट, बुटांच्या नाड्यासुद्धा. चांगलं होतं. मालकाने उभं राहून पाहिलं, आणि तो माणूस पगाराच्या कागदाशिवाय कशाकडे उभा राहून पाहत नाही. मुंगीने तुकडा हातात घेतला, परत दिला, आणि म्हणाली, हे दुकानातलं आहे. त्याचा डोळा कानाजवळ आहे, तसाच हवा.

तेव्हा नमुन्यातला डोळा कानाजवळ सरकवणार आहे. एक पाय आखूड करणार आहे. बाजूची शिवण उघडून कापड सपाट करून उद्या भरेन, मग शिवण परत घालीन, म्हणजे हात आत जाईल. ज्या नोकरीत सरळ रेघेसाठी मी पोरींना रडवलं, तिथे बसून मुद्दाम वाकडं काम करणार. तुझ्या संसाराने मला हे एक नवीन शिकवलं.

उसवताना मात्र एक दिसलं, ते सांगते. अस्वलाच्या खाली सुयांच्या भोकांची आणखी एक रांग आहे, जरा बाजूला. तिथे आधी एक अस्वल होतं. म्हणजे तिने एकदा भरलं, बिघडलं, सगळं उसवलं, परत भरलं. घरी ब्लेडने एक अस्वल उसवायला किती वेळ लागतो ते मी आज सकाळपासून पाहते आहे. बोटाला दोनदा लागलंय. इतकं करूनही दुसऱ्यांदा तळवा शिवलाच. अशा बाईला काय म्हणायचं ते मला सुचलेलं नाही. सुचलं असतं तर लिहिलं असतं.

आता ज्यासाठी हे लिहितेय ते. सकाळी मी उसवत होते आणि मुंगी टेबलावर गाल टेकवून धागे गोळा करत होती. मान वर न करता म्हणाली की तिला तिकडे राहायचं आहे, आणि ते मी तुला लिहावं, कारण फोनवर तिला सांगता येत नाही. मी विचारलं, तिकडे काय आहे. म्हणाली, शाळेतून आलं की मावशी घरी असते. बस. इथे ती गळ्यातल्या किल्लीने दार उघडते, जेवण गरम न करता खाते आणि दिवा लावायला विसरते. हिवाळ्यात कारखाना सुटायला अंधार होतो, हे तुला माहीत आहे. मी नाही म्हणाले नाही. या सुट्टीला ती तुमच्याकडे येईल. शाळेचं बघ, दाखल्याची कागदपत्रं मी काढून ठेवते. रोज संध्याकाळी तिला मला फोन करू द्यायचा, आणि तू शेजारी उभं राहायचं नाही. मिरवू नकोस. एवढं बोलली, त्यात तुझं नाव तिने एकदाही घेतलं नाही.

तुझी आता कुणीच नसलेली,
मुंगीची आई

ता. क. आज सोमवार. सकाळी मुंगीने विचारलं, बाबाला लिहिलंस का. हो म्हटलं. तिने दूध संपवलं, कप विसळून पालथा घातला आणि शाळेत गेली.