सुप्याच्या माळावरचं विमान

बारामती, १८ नोव्हेंबर १९५६

मास्तर, तुम्ही गेल्याला वीस वर्षं झाली आणि मी एक ओळ लिहिली नाही, माफ करा. गेलेल्या माणसाला काय लिहायचं, असं म्हणत राहिलो. पण तुम्ही होतात तेव्हाही पुण्याहून दोनच पत्रं पाठवली, हेही खरं.

इंदापुरात तुमच्या स्वयंपाकघरात बसून आपण विमानं ओळखायचो. ड्रॉइंगच्या जुन्या वहीत तुम्ही कात्रणं चिकटवलेली. खालचं नाव तळव्यानं झाकून तुम्ही म्हणणार, "ओळख." तीन इंजिनांचं, शेपटीच नसलेलं, कुणी कधी नाव न ऐकलेलं. खरं विमान आपण फार तर चार-पाच वेळा पाहिलं असेल, तेही ढगाजवळ. सुप्याच्या माळावर उतरलेलं तर आपण पोचेपर्यंत उडूनही गेलं होतं. कुणीतरी काढलेला त्याचा फोटो तेवढा तुमच्या हाती आला, आणि तुम्ही त्याच्यामागे विमानाचं नाव लिहिलंत, 'पस मॉथ'.

फोटो आला तेव्हा मी पुण्यात कॉलेजात. सुटीत आलो आणि फोटो पाहताच म्हणालो, "हे लेपर्ड मॉथ. पंख टोकाकडे निमुळता होत गेलाय, बघा."

"अरे, काढणारा पंखापाशी उभा आहे. लांबचं टोक निमुळतंच दिसणार. रस्त्याचं चित्र शिकवलं तेव्हा झोपला होतास काय?"

मी पुण्याहून आणलेलं लेपर्डचं कात्रण पुढे ठेवलं. भाकरी थापता थापता काकू म्हणाल्या, "एकदा तरी त्यांचं खरं होऊ दे की रे."

"कॉलेजात जातो तो. त्याचंच खरं असणार," असं म्हणून तुम्ही हसलात, आपल्या हातानं 'पस' खोडलंत आणि 'लेपर्ड' लिहिलंत. पुढच्या सुटीआधीच तुम्ही गेलात. त्या फोटोसकट वही काकूंनी मला दिली.

परवा रद्दीत एक इंग्रजी मासिक मिळालं. त्यात पस मॉथचा स्वच्छ फोटो, खाली नावासकट. तो आणि आपला फोटो शेजारी ठेवून मी भिंगातून पंख मोजत होतो. पिंपळीचे भाजीवाले शेतकरी वांगी द्यायला आले होते. ते वाकून पाहत म्हणाले, "तात्या, पंख काय बघत बसलाय? पाय बघा की. बैल घेताना आमी शिंगं बघतो व्हय?"

पाय पाहिले. लेपर्डच्या चाकाचा दांडा इंजिनाच्या मागच्या बाजूला जातो. पसचा वर, पंखाच्या मुळाशी. सुप्याच्या विमानाचा दांडा सरळ पंखाच्या मुळाशी गेलाय. तुमचंच खरं होतं.

पण मास्तर, हे मला परवा कळलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. कात्रण पुढे ठेवलं तेव्हाच दांडा जुळत नाही हे मला दिसलं होतं. तुम्ही मान्य करत होतात, म्हणून मी बोललो नाही.

उद्या : सकाळच्या एसटीनं इंदापूर. काकूंना हे तोंडानं सांगणे.